चुड्यावर बांधलेला पट्टा

याडी, काल तुझ्या दिवसकार्याला तांड्यावर आले होते. तुझ्या सुनेनं वाढलेलं ताट खाली मान घालून जेवले. समोर बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "शिस्टरनं लई केलं जमनायाडीचं. पोटच्या लेकीवानी केलं." उठून ओरडावंसं वाटलं, गप्प बसा रे, काही केलं नाही मी. पण चारचौघांत खरं ओरडून सांगायला तुझं काळीज पाहिजे, आणि तुझा आवाज. ते दोन्ही माझ्याकडे कधीच नव्हतं. म्हणून आज घरी, दार लावून, तुझ्याशीच बोलत बसले आहे.

याडी म्हणजे आई, हे मला तूच सांगितलंस. मी कळमनुरीच्या पठाणांची पोरगी, नर्सिंगचा कोर्स करून नवी नवी उपकेंद्रावर आलेली. लेकरांना डोस द्यायला तुमच्या बंजारा तांड्यावर पहिल्यांदा आले तेव्हा बायका लेकरं घेऊन घरात पळाल्या. तू तेवढी बाहेर उभी. कमरेवर हात, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा चुडा, आणि आवाज असा, की पलीकडच्या शेतातला माणूस वळून बघेल. "ए सुई! आमच्या लेकरायला रडवायला आलीस, आता च्या पिऊन जा!" किती दिवस मला 'सुई'च म्हणत होतीस. नसीम हे नाव तुझ्या तोंडी बसायला फार वेळ लागला. तुला याडी म्हणायला मात्र मला काहीच वेळ लागला नाही.

त्या काळात ब्लडप्रेशर कुणाच्याच कामात नव्हतं. आमचं काम म्हणजे लेकरांचे डोस, बाळंतपणं, हिवतापासाठी बोटातून रक्त घेणं आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस. बीपी म्हणजे बंगल्यात राहणाऱ्यांचा आजार, असं लोक म्हणायचे आणि खरं सांगते, आम्हीही तेच मानायचो. मग परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आसपास एक संस्था आली. तिनं आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं, गावोगाव नाटक करा, बीपी काय असतं ते लोकांना हसतखेळत सांगा आणि तिथल्या तिथं मोजा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघितलं. दुसरं कोण होतं बघायला?

सासूचं काम तुला दिलं. द्यायचं कसलं, तू हिसकावूनच घेतलंस. सून भाजीत मीठ कमी टाकते म्हणून सासू तिच्यावर तुटून पडते. कागदावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या. तू त्याचं पुराण केलंस. "मीठ कमी टाकतीस व्हय गं? माह्या घरात मिठाचा दुष्काळ पडला काय? तुह्या बापानं पाठवलं नसंल, माह्या मालकाला तर पोतंभर आणायची ऐपत हाय!" आणि मूठभर मीठ वरून असं सोडायचीस की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग चक्कर येऊन धाडकन पडायचीस. तोंड वाकडं, एक हात लुळा. पुढं बसलेली लेकरं खरोखर रडायला लागायची, आणि तू एक डोळा उघडून त्यांना वेडावायचीस.

शेवट असा होता. सासू गोळ्या घेते, मीठ कमी करते, आणि मग नर्स येऊन तिचं बीपी मोजते. नर्स मीच. तुझ्या दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा, "एकशेवीस-ऐंशी! सासूबाई ठणठणीत!" मग तू फेर धरून नाचायचीस आणि सगळं गाव टाळ्या वाजवायचं.

पण तुझ्या दंडाला पट्टा बांधणार कुठं? तिथं सगळा चुडा. मग मी तो चुड्याच्या वरूनच गुंडाळायची. आत हवा गेली की बांगड्या कटकट वाजायच्या. तुला ते इतकं आवडायचं की मुद्दाम हात हलवून अजून वाजवायचीस. लोक हसायचे. मीही हसायचे. त्या पट्ट्याखाली माझ्या कानाला काहीही ऐकू येत नसायचं, आणि येण्याची गरजही नव्हती. आकडा तर पाठ होता.

नाटक संपलं की खरी मोजणी. तेव्हा तू रांग लावायचीस. "ए दादा, बाही वर घे! काहून लाजून राहिला, लगीन लावून देत न्हाई तुहं!" सगळ्या गावाच्या बाह्या तू वर करायला लावल्यास. त्या रांगेत तू स्वतः कधी उभी राहिली नाहीस. आणि मी तुला कधी उभं केलं नाही.

एकदा साहेबांनी विचारलं होतं. जीप निघायच्या आधी, तू भजे आणायला गेली होतीस. "सिस्टर, या आपल्या सासूबाईंचं बीपी कधी घेतलंय का हो?" मी लगेच म्हणाले, "साहेब, त्यांच्यात नवरा हयात असेपर्यंत चुडा उतरवत नाहीत." साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "असं का? मग राहू द्या. लोकांच्या रूढीला धक्का लागायला नको." आणि मला, याडी, त्या वेळी बरं वाटलं. तांड्याचं आपल्याला किती कळतं, साहेबांनाही आपणच सांगतो, असं वाटलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

तू डोक्याला फडकं बांधून यायचीस. "डोकं ठणकून राहिलं गं, एखादी गोळी दे." मी द्यायची. ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल. एकदा मी उगाच म्हटलं, तुझंही बीपी बघायला पाहिजे याडी. तू खदखदून हसलीस. "मला तर तू दर गावाला बरी करून राहिलीस. आजून किती बरी करतीस?" मीही हसले आणि गोळीची पुडी बांधली. खलास. विषय तिथं संपला.

भांडलो तरी किती आपण! त्या संस्थेनं दिलेलं चित्र आठवतं? बीपी असणाऱ्यानं काय खावं, म्हणून त्यावर सफरचंद आणि द्राक्षं. तू बोट ठेवून विचारलंस, "ह्ये लाल काय?" मी म्हटलं, सफरचंद. "तांड्यावर कुणाच्या धुऱ्या-बांधाला लागलंय ह्ये?" मी चिडले, म्हटलं चित्राला काय प्रश्न विचारतेस. पुढच्या गावात तू तो प्रश्न भर नाटकात सुनेला विचारलास. लोक हसून हसून लोळले आणि मी मात्र नर्सच्या कपड्यात मख्ख उभी. परतीच्या जीपमध्ये मी तुला नाही नाही ते बोलले. तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. पुढं ते चित्र आम्ही गुंडाळून ठेवलं, शेवगा, अंबाडी, लिंबू असं बोलायला लागलो. पण तू तरी काय कमी होतीस? नाटकात मीठ कमी करायचं सांगून खाली उतरायचीस आणि भाकरीवर मिठात वाटलेला ठेचा घेऊन बसायचीस. मी डोळे मोठे केले की म्हणायचीस, "नाटक वायलं, भाकर वायली." हे भांडण आपलं मिटलंच नाही. मी जिंकायला पाहिजे होते त्यात, याडी. तुझ्यासाठी जिंकायला पाहिजे होते.

औंढ्याचा तो दिवस मला फार छळतो. नाटक लवकर आटोपलं आणि सगळी मंडळी नागनाथाच्या दर्शनाला गेली. जाताना कुणी मला काही बोललं नाही. मी जीपपाशी पिशव्या सांभाळत बसले. सवय होती मला त्याची. हिच्यात चालत नसेल, असं लोक परस्पर ठरवून टाकतात, आणि चांगल्या मनानंच ठरवतात. माझा जीव मात्र तेवढ्यापुरता जळतो. थोड्या वेळानं तू एकटीच परत आलीस. "काहून बसलीस इथं?" मी म्हटलं, काही नाही, पिशव्या आहेत. "पिशव्यायला काय पाय फुटतेत? तुला कुणी इचारलं का, येतीस का म्हणून?" मी नाही म्हटलं. "मग म्या इचारते. येतीस का?"

आले मी. आत नाही गेले, बाहेरच्या ओट्यावर आपण दोघी पेढे खात बसलो. पण विचारलंस तू. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत तू एकटीनं विचारलंस.

मग तुझे मालक गेले. तापाचं निमित्त झालं. मी भेटायला आले तेव्हा तू बायकांच्या घोळक्यात होतीस, पदर पुढं ओढलेला, हात दिसले नाहीत. दिवस उलटले आणि एका सकाळी तू उपकेंद्राच्या दारात उभी राहिलीस. मी तुला क्षणभर ओळखलं नाही. दोन्ही दंड रिकामे. हात उन्हानं रापलेले, आणि कोपराच्या वर, जिथं इतकी वर्षं चुडा होता, तिथली कातडी फिकट, एखाद्या लेकराच्या अंगासारखी मऊ. मला ते बघवेना. तू स्टुलावर बसलीस आणि हात पुढं केलास. "बांध आता तुहा पट्टा. आता काय आडवं येऊन न्हाई राहिलं."

बांधला. फुगा दाबला. पारा वर चढला आणि हवा सोडायला लागले तर इतक्या वरूनच ठोके ऐकू यायला लागले की माझा हात थांबला. पुन्हा मोजलं. तेच. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. म्हणालीस, "नाटकातला आकडा न्हाई निघाला वाटतं."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, याडी, आधीच मोजता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण तो चुडा... तू मला मध्येच तोडलंस. "चुड्याचं काय?"

"तुमच्यात काढत नाहीत ना, मालक असताना."

तू माझ्याकडे असं बघितलंस, याडी, की ती नजर अजून माझ्यावरून हटत नाही. राग नव्हता तीत. राग असता तर मी तो सोसला असता. "कोण म्हणलं तुला? थोरला पोटात व्हता तवा हात सुजले, तवा काढला की म्या. दंडावर गळू झालं तवा काढला. तेल लावलं की निघतंय. आन तुला तर एकच हात लागत व्हता. एका हातचा काढला आसता, दुसऱ्या हातात व्हताच की. घटकाभरानं माह्या मालकाला काय व्हणार व्हतं?" आणि मग हळूच म्हणालीस, "तू कवा म्हणलीस, याडी, काढ म्हणून?"

कधीच नाही. इतक्या गावांना गेलो, जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलो, एका ताटात जेवलो. आणि मी, जिला औंढ्याला तू विचारलं होतंस, तिनं तुला हे विचारलं नाही. परस्पर ठरवून टाकलं, आणि वर त्याला आदर म्हणाले. लाज वाटते याडी. तेव्हाही वाटली आणि आता तर झोपू देत नाही.

गोळ्या सुरू केल्या. त्यांचं एक वेगळंच रामायण. उपकेंद्रात त्या मिळायच्या नाहीत, कळमनुरीहून आणाव्या लागायच्या. चार दिवस बरं वाटलं की तू बंद करायचीस. एकदा तर दिराला देऊन टाकल्यास, भिमलादादाचं डोकं दुखतंय म्हणून! मी तांड्यावर येऊन किंचाळले, "गोळी म्हणजे तंबाखू आहे का गं, मागितली की काढून दिली?" तू म्हणालीस, त्याचंबी दुखून राहिलं व्हतं, एकलीनं कसं खाऊ. काय करायचं सांग अशा बाईचं! पण त्यानंतर तू घ्यायला लागलीस, बऱ्यापैकी नेमानं. पारा थोडा उतरला. पाहिजे तेवढा नाही.

आणि मग तू ती एक गोष्ट मागितलीस. जन्मात माझ्याकडे मागितलेली एकच.

"नसीम, आता नाटकात माहा खरा आकडा सांग." मी म्हटलं, काहून? तू म्हणालीस, "लोकं बघतेत, जमना गाते, नाचते, धडधाकट हाय. त्यायला वाटतंय ज्याला चक्कर येते त्यालाच बीपी. मला कुठं चक्कर आली व्हती? त्यायला कळू दे, हिचंबी वाढलंय, म्हणजे आपलंबी आसंल." मला पटलं. कसम से, पूर्ण पटलं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "नको सिस्टर, शेवट गोडच पाहिजे. गोळ्या घेऊनही बरं होत नाही असं लोकांना वाटलं, तर गोळ्या कोण घेईल?" मी बरं म्हणाले. तुला म्हटलं, बघू या.

बाळापूरला बाजारच्या दिवशी नाटक होतं. सगळा बाजार लोटला होता. मालक गेल्यावर बाईनं असं लोकांत उभं राहायचं का, म्हणून तांड्यावर कुरकुर झालीच होती. तू कुणाचं ऐकलं नाहीस. शेवटाला मी तुझ्या दंडाला पट्टा बांधला. पहिल्यांदाच तो नीट बसला. बांगड्यांचा आवाज नाही. फुगा दाबला, कान लावला, आणि खरा आकडा मला लख्ख ऐकू आला. तू माझ्याकडे बघत होतीस. साहेब जीपला टेकून उभे होते. सगळा बाजार माझ्या तोंडाकडे बघत होता.

"एकशेवीस-ऐंशी! सासूबाई ठणठणीत!"

टाळ्या पडल्या. तू नाचली नाहीस. जीपमध्ये तू माझ्याशेजारीच बसलीस, नेहमीसारखी. तांड्याच्या फाट्यावर उतरताना एवढंच म्हणालीस, "म्या जास्तीचं काय मागितलं व्हतं गं?" मी म्हटलं, पुढच्या वेळी याडी, पुढच्या वेळी नक्की. तू मान हलवलीस आणि चालायला लागलीस. मी तुला पाठमोरी बघितलं, रिकामे दंड, चाल मात्र तशीच ठसक्याची.

पुढची वेळ आलीच नाही. कापसाच्या वेचणीत, भर दुपारी, तू शेतात पडलीस. तोंड वाकडं, एक हात लुळा. आणि याडी, शेजारच्या बाया हसल्या. त्यांना वाटलं याडी नाटकातलं करून दाखवते आहे. एक जण तर म्हणाली, "उठ आता, मीठ कमी टाकते." तू एक डोळा उघडून वेडावशील म्हणून त्या वाट बघत राहिल्या. मला निरोप आला, मी कळमनुरीला पोचले, तेव्हा तुला जीपमध्ये आडवं घातलेलं होतं आणि नांदेडला न्यायचं चाललं होतं. तुझा आवाज गेला होता. तुझा आवाज, याडी! मी हात धरला तर तू बघितलंस. ओळखलंस की नाही, कुणास ठाऊक. नांदेड काही गाठता आलं नाही.

तर काल. जेवणं झाली, माणसं पांगायला लागली. मीही चपला शोधत होते. एवढ्यात तुझी जाऊ सोनीबाई, भिमलादादाची बायको, ओट्यावर येऊन बसली. ती तर कधी चार शब्द बोलत नाही. तिनं तेलाची वाटी आणली होती. सगळ्यांच्या देखत तिनं डाव्या दंडाला तेल चोळलं आणि एकेक करून चुडा उतरवायला लागली. म्हातारी माणसं चमकली. कुणी तरी म्हणालंही, "आगं, मालक समोर बसलाय!" तर भिमलादादानं हात पुढं केला आणि त्या बांगड्या आपल्याच मांडीवर घेतल्या. सगळ्या तांड्यापुढं, बायकोच्या बांगड्या मांडीवर घेऊन तो बसला.

सोनीबाई मला म्हणाली, "शिस्टर, मोजा. आन आकडा जोरात सांगा. खराच सांगा. याडी आमाला सांगून गेली, शिस्टर इचारणार न्हाई, तुमीच हात पुढं करा."

हे तू मागं ठेवून गेलीस माझ्यासाठी. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

यंत्र पिशवीत होतंच. तेलकट दंडावर पट्टा नीट बसेना, सोनीबाईनंच दुसऱ्या हातानं धरला. फुगा दाबला. कान लावला. आणि ठोके पुन्हा तसेच, फार वरूनच सुरू झाले. मी मान वर केली. सगळा तांडा उभा होता. साहेब नव्हते, जीप नव्हती, नाटक नव्हतं. तोंडात आधी तोच जुना आकडा आला, याडी. इतक्या वर्षांची सवय. तो मी गिळला.

"एकशेऐंशी-एकशेदहा," मी म्हणाले.

टाळी कुणी वाजवली नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, ऐकू नाही आलं. मी उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं, घसा फुटेपर्यंत जोरात, म्हाताऱ्याला नाही, तुला ऐकू जावं म्हणून.